घरातला बस्ता अभिलेखागारात जातो तेव्हा

मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर किंवा लोखंडी पेटीत कापडात बांधलेला एखादा बस्ता पडून असतो. पिढ्यान्‌पिढ्या कोणी तो सोडत नाही. जमिनीचा वाद उठला, वारसनोंद करायची वेळ आली किंवा एखादा दाखला हवा असला की गाठ सुटते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गावोगावी असे बस्ते बाहेर निघाले. हवी ती एक नोंद सापडली की तेवढा कागद वेगळा काढला जातो, त्याला प्लॅस्टिक चढते आणि उरलेले कागद हाताला येतील तसे परत कोंबले जातात. बस्त्याचे सर्वांत मोठे नुकसान याच घटकेला होते. वाळवी एक कोपरा खाते. क्रम मोडला की सगळ्या बस्त्याचा अर्थ जातो, आणि तो पुन्हा जुळवता येत नाही.

अभिलेखागार म्हणजे जुने कागद सांभाळणारे गोदाम, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तिथे कागदांमधले नाते सांभाळले जाते. घरगुती कागद तिथे कसे पोहोचतात, पोहोचल्यावर त्यांचे काय होते आणि घरच्यांनी आधी काय करावे, काय करू नये, हे या लेखात सांगितले आहे.

तीन कागदांचे उदाहरण

समजा, परभणीकडच्या एका घरच्या बस्त्यात लागोपाठ तीन कागद आहेत. पहिला म्हणजे निजामी कालगणनेतल्या बहमन १३४१ फसली या महिन्याची सावकाराची १४० रुपयांची पावती. दुसरे, सासरी असलेल्या बहिणीचे मोडीतले पत्र: कापूस घरात पडून आहे, भाव नाही, सारा (जमिनीचा कर) भरायचा आहे. तिसरे, घरच्या रोजकीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचे, एक पान, त्यावर बहिणीच्या गावच्या नावाने १४० रुपये नावे टाकलेले.

सुटी पावती कोणत्याही सावकाराची कोणतीही पावती असते. सुट्या पत्रात तारीख असेलच असे नाही. रोजकीर्दीचे पान तर रद्दीच वाटते. तिन्ही एकत्र ठेवा. बहमन १३४१ म्हणजे साधारण डिसेंबर १९३१, जगभरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तो काळ. भावाने कर्ज काढले ते स्वतःच्या शेतासाठी नव्हे, बहिणीच्या घरचा सारा भरण्यासाठी. आणि रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, असेल तर सात हाली रुपयांना सहा कलदार (इंग्रजी रुपये) या दराने ती इंग्रजी मुलखातल्या १२० रुपयांएवढी होते. सारा, सावकारी, स्त्रियांचे माहेरशी असलेले व्यवहार, कापसाचा बाजार, एवढे सगळे तीन चिटोऱ्यांतून उभे राहते. पण ते लागोपाठ होते हे कोणीतरी टिपून ठेवले असेल तरच.

अभिलेखशास्त्राचे दोन मूळ नियम इथूनच येतात. पहिला नियम असा की एका घराचे कागद दुसऱ्या घराच्या कागदांत मिसळायचे नाहीत, विषय एकच असला तरीही. दुसरा असा की ज्या क्रमाने घरच्यांनी कागद ठेवले, तो क्रम होता होईल तो राखायचा. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात, कारण प्रत्येक पुस्तक स्वतःपुरते पूर्ण असते. पत्र, पावती, चिठ्ठी हे संवादाचे तुकडे असतात, म्हणून ते विषयवार लावले की मुके होतात.

मराठवाड्याच्या बस्त्यात काय काय निघते

हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे पुणे-सातारा भागातल्या घरच्या दप्तरापेक्षा इथले दप्तर वेगळे दिसते. जुन्या कागदांवर मजकूर मोडीत आणि शिक्का फारसीत. संस्थानच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, त्यानंतरच्या सरकारी कागदांवर उर्दू. घरचा हिशेब मात्र मोडीतच चालू. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उमरगा-निलंगा-उदगीरकडे कन्नड चिठ्ठ्याही निघतात. एकाच कागदावर पुढे मोडी अर्ज आणि पाठीमागे उर्दू शेरा असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणून लिपीप्रमाणे गठ्ठे करू नयेत. ‘उर्दूचे वेगळे काढा, मौलवीसाहेबांना दाखवू, मोडीचे वेगळे, ते वाचणाऱ्याकडे देऊ’ ही वाटणी सोयीची वाटते. पण तीत अर्ज एकीकडे आणि त्यावरचा हुकूम दुसरीकडे जातो. वाचकाला द्यायचाच असेल तर फोटो द्यावा, मूळ कागद जागेवर राहू द्यावा.

वतनदार घरांत सनदा, इनामपत्रे, महजर (जुने निवाडे) आणि इनामाच्या चौकशीनंतर मिळालेले मुन्तखब, म्हणजे हक्काचे दाखले, असतात. शेतकरी घरांत सारा भरल्याच्या पावत्या, खरेदीखते, सेतवाराचे (जमिनीच्या मोजणी-नोंदवहीचे) उतारे, १९५४-५५ च्या खासरा पत्रकाच्या (शेतवार नोंदींच्या) नकला असतात. व्यापारी घरांत रोजकीर्द, खतावणी (खातेवार हिशेबाची वही) आणि हुंड्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्यांच्या घरी तुरुंगातून आलेली पत्रे, सीमेवरच्या शिबिरांचे हिशेब आणि पुढे निवृत्तिवेतनासाठी जोडलेली प्रमाणपत्रे सापडतात.

आमच्याकडे काय, आम्ही ना पाटील ना देशमुख, असे म्हणून कितीतरी घरे आपले कागद मोजतच नाहीत. हे मनातून काढून टाकायला हवे. १९७२ च्या दुष्काळातल्या कामाची हजेरीचिठ्ठी, ऊसतोडीच्या उचलीची मुकादमाची वही, १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेलेल्या मुलाने गावी धाडलेली पोस्टकार्डे, नामांतराच्या काळातली पत्रके, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनासाठी भरलेल्या अर्जांच्या प्रती, हे सगळे अभिलेख आहेत. सनदा आधीच बऱ्यापैकी जमा झालेल्या आहेत, छापल्याही गेल्या आहेत. भूमिहीन घरांचे कागद मात्र अभिलेखागारांत फार थोडे आहेत. त्यांची निकड जास्त आहे.

तीच गोष्ट बायकांच्या कागदांची. जात्यावरच्या ओव्या उतरवलेली वही, मुलींची माहेरी आलेली आंतर्देशीय पत्रे, भिशीचा हिशेब, औषधांच्या नुस्ख्यांचे चिटोरे. घरचा कर्ता पुरुष दप्तर देऊ करतो तेव्हा हे त्यात नसते. कारण ते दुसऱ्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवलेले असते आणि ‘ते काही कामाचे नाही’ असे आधीच ठरलेले असते. पाहणीला येणाऱ्याने ती पेटी आवर्जून विचारली पाहिजे. घरच्यांनीही ती दाखवली पाहिजे.

तारीख ओळखणे

कागद कधीचा हे कळले नाही तर बाकीचे काम अडते, म्हणून हे थोडे सविस्तर.

निजामी राजवटीच्या उत्तरकाळातल्या कागदांवर फसली सन असतो आणि महिने इराणी नावांचे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. वर्ष आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते. आजूर ते बहमन या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवा, इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. आबान १३५७ हा सप्टेंबर १९४८ येतो, म्हणजे पोलीस कारवाईचा महिना. हा एक पडताळा लक्षात ठेवला तर हिशेब चुकत नाही. मात्र त्याआधीच्या मराठी कागदांतला फसली सन मृग नक्षत्रावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. म्हणून आधी महिन्यांची नावे बघावीत आणि मग बेरीज करावी.

त्याहून जुन्या मोडी पत्रांत सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी संख्यानामांत लिहितात. ‘समान सितैन मया व अलफ’ म्हणजे आठ, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६८. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी १७६७-६८. शेजारी ‘छ’ लिहून चांद्र महिन्याची तारीख दिलेली असते. शालिवाहन शक दिलेला असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४.

नेहमी होणारी चूक अशी: ‘१२८०’ एवढाच आकडा दिसतो आणि कोणी तो हिजरी धरतो, कोणी फसली. हिजरी १२८० म्हणजे इसवी १८६३-६४, फसली १२८० म्हणजे १८७०-७१. सात वर्षांचा फरक पडतो आणि त्याबरोबर एखाद्या माणसाची पिढीच बदलते. खात्री नसेल तर यादीत मूळ आकडा जसाच्या तसा लिहावा. इसवी सन पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह घालून.

घरी करायचे काम

गाठ सोडण्याआधी बस्त्याचा, पेटीचा, फडताळाचा फोटो काढा. मग एका चादरीवर बस्ता सोडून वरून खाली, आहे त्या क्रमाने, प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो. गठ्ठ्याच्या आत गठ्ठा असेल तर तो आतलाच राहू द्यायचा. कोऱ्या कागदाच्या पट्टीवर ‘बस्ता १, गठ्ठा ३’ असे पेन्सिलीने लिहून पट्टी वर ठेवायची. मूळ कागदावर पेनाने आकडा घालू नये. बॉलपेनची शाई कायम राहते आणि दाबामुळे पाठीवर वळ उठतो.

मग एका वहीत, घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला शेजारी बसवून, एवढे लिहा: हे कागद कोणी जमवले, कोणत्या वाड्यात, कोणत्या खोलीत होते, कधी हलवले, वाटणीत कोणाकडे गेले, मधल्या पुरात किंवा आगीत काय गेले. पत्रांतली ‘तात्या’, ‘बापूसाहेब’, ‘थोरली’ ही माणसे कोण, त्यांची नाती काय. ही माहिती कोणत्याही कागदावर नसते आणि ती सांगणारे माणूस गेले की ती मिळण्याची वाट उरत नाही. त्या एका वहीमुळे अभिलेखागारातले महिन्यांचे काम वाचते. वंशावळ पुरी करायला त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतल्या नोंदी उपयोगी पडतात. त्याही मिळवून जोडाव्यात.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. लॅमिनेशन ही त्यातली पहिली, कारण उष्णतेने वितळवून चिकटवलेले प्लॅस्टिक कागद न फाडता निघत नाही आणि आतला कागद आम्लामुळे कुजत राहतो. चिकटपट्टीही नको. काही वर्षांत पट्टी गळून पडते, तिचा गोंद मात्र कागदात मुरतो आणि तांबूस डाग कायम राहतो. उन्हात वाळवणे नको. ओल आली असेल तर सावलीत, पंख्याच्या बाजूच्या वाऱ्यावर, कोऱ्या वर्तमानपत्राच्या कागदावर पसरा आणि खालचा कागद बदलत राहा. एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सोडवू नका, तशीच ठेवा. टाचण्या गंजल्या असतील तर ओढू नका. रबरबँड मात्र लगेच काढा.

डांबरगोळ्या कागदांत थेट टाकू नयेत, आणि झोपायच्या खोलीत तर नकोच. कडुलिंबाचा पाला टाकायची जुनी पद्धत आहे, पण ओला पाला कागदावर डाग सोडतो. खरे संरक्षण कोरडेपणा आणि वरचेवरची नजर हेच आहे. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर बस्ता एकदा उघडून बघावा. गुंडाळायला धुतलेले, न रंगवलेले मांजरपाट वापरावे. लाल कापड शोभते, पण ओल लागली की रंग सोडते.

कागद आणि शाई

नवा कागद जास्त टिकेल असे वाटते. पण १७४० चे मोडी पत्र हातात घेता येते आणि १९४० चे टंकलिखित पत्र घडीवर तुटते, हा अनुभव दप्तर हाताळणाऱ्या प्रत्येकाला येतो. जुना कागद चिंध्या आणि तागासारख्या लांब तंतूंपासून हाताने केलेला असे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधले कागजीपुरा हे गाव अशा कागदासाठीच प्रसिद्ध होते. विसाव्या शतकातला स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्याच्यावर तुरटीची प्रक्रिया केलेली असते, त्यातून आम्ल तयार होते आणि तंतू तुटत जातात. म्हणून मुक्तिसंग्रामाच्या काळातली पत्रके सनदांच्याही आधी वाचवायला लागतात. प्राधान्य ठरवताना वय बघू नये, कागदाची जात बघावी.

शाईचेही तसेच. बोरूने लिहिलेली काजळाची शाई उजेडाने फिकी पडत नाही, पण तिच्यातला डिंक पाण्यात विरघळतो. ओल्या बोळ्याने धूळ पुसली तर अक्षरे पसरतात. लोहयुक्त शाई उलट पाण्याला बरीच टिकते, पण अक्षराच्या जागी कागद जाळत जाते आणि पुढे अक्षराच्या आकाराचे भोक पडते. दोन्हींवर उपाय वेगळे, म्हणून घरी कशानेही पुसू नये. मऊ, कोरडा, रुंद ब्रश हलक्या हाताने मधून कडेकडे फिरवावा, एवढेच.

द्यायचे कोणाला, कसे

छत्रपती संभाजीनगरात राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. बस्त्यात काय आहे त्यावर जागा ठरते. कुठेही गेलात तरी चार गोष्टी विचारा: आवक नोंदवही आहे का, लेखी पोच मिळते का, यादी किती दिवसांत होते, आणि वाचायला आलेल्याला कागद कसे दाखवले जातात. या चार प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर थांबावे. ओळखीच्या अभ्यासकाला ‘वाचून परत देतो’ या बोलीवर मूळ कागद देणे, ही बस्ते फुटण्याची फार जुनी वाट आहे.

पोथ्यांचा वेगळा विचार करावा लागतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने किमान ७५ वर्षे जुन्या, ज्ञानविषयक हस्तलिखितांचे काम हाती घेतले. फर्माने आणि महसुली कागद त्या व्याख्येत येत नाहीत. एकाच बस्त्यात ज्ञानेश्वरीची पोथी आणि साऱ्याच्या पावत्या असतील तर दोन संस्था दोन हिस्से मागतील. देण्याआधी पोथी कोणत्या गठ्ठ्यात होती हे दोन्हीकडच्या यादीत लिहायला लावा.

देण्याचे दोन प्रकार आहेत. दान केले की मालकी संस्थेची होते. ठेव म्हणून दिले तर मालकी घराची राहते, सांभाळ संस्था करते. दानाला संस्था जास्त राजी असतात, कारण ठेवीवर जतनाचा खर्च केल्यावर उद्या मालक कागद परत मागू शकतो. करार लेखी हवा आणि त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एका भावाने दिले आणि दुसऱ्याने आक्षेप घेतला की बस्ता वर्षानुवर्षे सीलबंद पडून राहतो. भावकीतल्या वाटणीत कागद चार घरी विखुरले असतील तर चौघांनी मिळून एकाच संस्थेकडे जावे.

करारात लिहायच्या गोष्टी: कोणते गठ्ठे किती वर्षे बंद ठेवायचे, छायाप्रती कोणाला मिळतील, छापायला परवानगी कोण देणार, घरच्यांना स्कॅनच्या प्रती मिळणार का, आणि संस्था बंद पडली तर कागद कुठे जाणार. घरगुती पत्रांत आजारपण, दत्तकाचे वाद, मोडलेली लग्ने, कर्जे असतात आणि त्यांतली काही माणसे हयात असतात. असे कागद नष्ट करण्यापेक्षा २० किंवा ३० वर्षांसाठी बंद ठेवावेत. जातिवाचक शिवीगाळ किंवा अन्यायाच्या नोंदी आहेत म्हणून पाने फाडू नयेत. ज्यांच्यावर तो अन्याय झाला त्यांच्या वंशजांसाठी तोच पुरावा असतो.

कायद्याचे दोन मुद्दे. आलेले पत्र, म्हणजे तो कागद, तुमचा. पण त्यातल्या मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. तो मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराच्या बाबतीत प्रसिद्धीपासून ६० वर्षे. म्हणजे पणजोबांना आलेली पत्रे संस्थेला देता येतात, पण ती छापायचा हक्क तुम्ही देऊ शकत नाही. दुसरा मुद्दा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांपूर्वीची हस्तलिखिते आणि दस्तऐवज खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाकडे सनद पाठवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

आत गेल्यावर

बस्ता थेट मुख्य दालनात जात नाही. आधी वेगळ्या खोलीत, कारण त्यातली कसर आणि बुरशी शेजारच्या संग्रहात पसरू शकते. कीड असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर सुमारे दोन आठवडे ठेवतात, बुरशी असेल तर बंद कपाटात थायमॉल या रसायनाची धुरी देतात. थायमॉल बुरशीवर चालते, किड्यांवर फारसे नाही, त्यामुळे आधी नेमके काय लागले आहे ते बघावे लागते. मग आवक नोंदवहीत एक क्रमांक पडतो. हा क्रमांक संग्रहाची कायमची ओळख असतो. पोचपावतीवर तो घालून घ्यावा.

यादी चार पायऱ्यांत होते: संपूर्ण संग्रह, त्यातल्या मालिका (पत्रव्यवहार, जमिनीचे कागद, हिशेब, छायाचित्रे), मालिकेतल्या फायली, आणि गरज असेल तिथेच एकेक नग. प्रत्येक चिठ्ठीची नोंद व्हावी अशी घरच्यांची इच्छा असते. पण दहा हजार कागदांच्या दप्तराची नगवार यादी करायला मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारी माणसे काही वर्षे लागतात आणि तोवर संग्रह कोणालाच पाहता येत नाही. म्हणून आधी मालिकांपर्यंत यादी करून दालन उघडे करणे बरे. नगवार काम मागाहून करता येते. घरच्यांनी काढलेले गठ्ठ्यांचे फोटो या टप्प्यावर लागतात: क्रम खरोखर ठेवलेला होता की घाईत कोंबलेला, हे त्यांवरून ठरते.

दुरुस्तीचा नियम एकच, केलेले काम पुढे काढता आले पाहिजे. म्हणून गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावतात. खळ पाण्याने सुटते. आम्ल झालेल्या कागदाला कॅल्शियमच्या सौम्य द्रावणाने उतारा देतात, पण आधी शाई टिकते का याची एका टिंबावर चाचणी घेऊन. नंतर आम्लरहित कागदाच्या फायली आणि पेट्या. दालनात तापमान आणि दमटपणा एकसारखा राहणे महत्त्वाचे. एप्रिलमधली कोरडी रखरख आणि ऑगस्टमधली ओल यांच्या फेऱ्यात कागद आखडतो, फुगतो आणि कडेने चिरतो. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद असेल तर रोज तेच घडते. त्यापेक्षा जाड भिंतींची, बिनखिडकीची, पंख्याची खोली बरी.

स्कॅन

पुस्तक छापण्याइतक्या दर्जासाठी इंचाला ३०० ते ४०० ठिपके, रंगीत. काळे-पांढरे स्कॅन केले की शिक्का आणि अक्षर एकजीव होतात. ए-फोर पान ४०० ठिपक्यांवर टिफ स्वरूपात (चित्र न आकुंचवता) सुमारे ४६ एमबी होते, हजार पाने म्हणजे ४६ जीबी. यावरून डिस्कचा खर्च काढावा. मूळ टिफ बाजूला ठेवायची, रोजच्या वापराला जेपीजी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी.

घरी मोबाइलने काढायचे तर कागद सपाट, कॅमेरा बरोबर वरून, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी. कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचाही फोटो काढा. पत्ता, पोच, उर्दू शेरा, नंतरच्या कोणाचा आकडेमोडीचा हिशेब हे पाठीवरच असते. फाइलचे नाव ‘बस्ता१_गठ्ठा३_०१२_पाठ’ अशा धर्तीवर द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचन पावते आणि त्याचे नावही बदलते, तेव्हा पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोडीचे देवनागरी लिप्यंतर झाले तरी त्याला मूळ फोटोचा क्रमांक जोडलेला हवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, शब्दांत मोकळी जागा सोडत नाहीत, म्हणून दोन जाणकार एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचू शकतात. फोटो शेजारी नसेल तर कोणाचे वाचन बरोबर हे तपासता येत नाही.

पुढे कागदाची गरज पडली तर

दिलेल्या कागदाची न्यायालयात किंवा जातपडताळणीत गरज पडली तर संस्थेकडून प्रमाणित प्रत मागायची. अर्जात आवक क्रमांक, मालिका, फाइल आणि पान लिहावे. ‘आमच्या आजोबांची सनद’ एवढ्यावर शोध लागत नाही. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही आणि अक्षर खरे धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने न्यायालयाला दिली आहे. पूर्वी ती १८७२ च्या कायद्यात होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. ‘योग्य ताबा’ दाखवायचा तर कागद कोणाकडून कोणाकडे, कधी गेला याची साखळी लागते. घरी लिहिलेली ती वही, गठ्ठ्यांचे फोटो, करार आणि पोचपावती ही ती साखळी. यांची एक प्रत प्रत्येक वारसाच्या घरी असावी. संस्थेत वाचायला जाताना ओळखपत्र, पेन्सिल आणि कोरी वही न्यावी, शाईचे पेन दालनात चालत नाही. फाइल एका वेळी एकच मिळते, आणि ती परत करताना पाने होती त्याच क्रमात आहेत ना, हे मोजून द्यावे.